झेडएक्स८१ : चार चिपांवर उभा राहिलेला घरगुती संगणक

काळ्या प्लास्टिकची पाटी, वजन जेमतेम ३५० ग्रॅम, वर ४० सपाट कळा. संग्रहातला झेडएक्स८१ हातात घेतला की आधी त्याचा हलकेपणा जाणवतो. त्यात काय काय नाही, यातच त्याचा इतिहास आहे.

केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये झेडएक्स८० काढला. तयार संगणक ९९.९५ पौंडांना. त्यात २१ चिपा होत्या, आणि टीव्हीवर चित्र उमटवायचं कामही प्रोसेसरच करायचा; त्यामुळे कळ दाबली की चित्र क्षणभर उडायचं. ५ मार्च १९८१ ला झेडएक्स८१ आला, तो फक्त चार चिपा घेऊन. बहुतेक चिपांचं काम फेरांटी कंपनीने बनवलेल्या एकाच चिपेत बसवलं होतं. किंमत ६९.९५ पौंड, आणि सुटे भाग घेऊन घरी डाग देऊन (सोल्डर करून) जोडायची तयारी असेल तर ४९.९५. चित्र आता स्थिर राहायचं, पण त्यासाठी प्रोसेसर हिशेब करायचा तो पडद्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या जात असतानाच्या वेळात. मला या यंत्रातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

रंग नाहीत, आवाज नाही, मेमरी एक किलोबाइट. पडदा ३२ अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, म्हणजे ७६८ अक्षरं. तो पूर्ण भरला तर प्रोग्रामला जवळजवळ जागाच उरणार नाही! म्हणून कमी मेमरीत रिकाम्या ओळीसाठी एकच बाइट खर्च होई. प्रोग्राम लिहायच्या ‘बेसिक’ या भाषेचे शब्दही अक्षर-अक्षर टाइप करायचे नव्हते. ‘पी’ची कळ दाबली की अख्खा ‘प्रिंट’ उमटायचा आणि मेमरीत एकच बाइट घ्यायचा.

१६ किलोबाइट मेमरीचा जोड मागे खोचता यायचा. त्याची किंमतही ४९.९५ पौंड, म्हणजे सुट्या भागांच्या संगणकाएवढीच. तो जरा हलला की सगळा प्रोग्राम गायब, म्हणून लोक तो चिकटमातीने पक्का करत. प्रोग्राम जपायचा तो साध्या कॅसेटवर; १६ किलोबाइट भरायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागे.

स्कॉटलंडमध्ये डंडीला टायमेक्सच्या कारखान्यात हे संगणक जुळवले जात. टपालाने विक्री होतीच, पुढे डब्ल्यूएच स्मिथच्या दुकानांतही ते मिळू लागले. १५ लाखांहून जास्त विकले गेले. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचाच स्पेक्ट्रम हा रंगीत संगणक आला. तो पुढे परवान्याखाली भारतातही ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने तयार झाला.