भरावाच्या परवान्यावर सही कोणाची?

अमेरिकेत पाणथळ जागेवर भराव टाकायचा असेल तर बहुतेक राज्यांत परवाना लष्कराच्या अभियंता दलाकडून घ्यावा लागतो. यात लष्कर आलं ते १८९९ च्या नद्या आणि बंदरांच्या कायद्यामुळे. जहाजांच्या वाटेत कोणी काही बांधू नये, दगडमाती टाकू नये, एवढीच तेव्हाची काळजी होती. पुराचं पाणी जिरवणाऱ्या दलदलीचा विचार त्यात नव्हता.

तो आला १९७२ मध्ये. अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढत संसदेने स्वच्छ जल कायदा केला. त्यातल्या कलम ४०४ ने भरावाचे परवाने अभियंता दलाकडे सोपवले आणि एखादा परवाना रोखण्याचा अधिकार पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला दिला. दलाने मात्र जहाजं चालतात तेवढ्या पाण्यापुरताच कायदा लागू धरला. १९७५ मध्ये न्यायालयाने हा अर्थ फेटाळला आणि ओढे, दलदली, तळ्याकाठच्या ओल्या जमिनी परवान्याच्या कक्षेत आल्या. त्यावर उठलेल्या ओरडीतून १९७७ ची दुरुस्ती निघाली. शेतीच्या नेहमीच्या कामांना सूट मिळाली आणि राज्यांना परवान्यांचा कारभार स्वतःकडे घेण्याची मुभा मिळाली. अट अशी की राज्याचे नियम केंद्राच्या नियमांपेक्षा ढिले नकोत. जहाजवाहतुकीच्या नद्या, भरती-ओहोटीचं पाणी आणि त्यांना लागून असलेल्या पाणथळ जागा मात्र दलाकडेच राहणार होत्या.

ही मुभा मिशिगनने १९८४ मध्ये घेतली, न्यू जर्सीने १९९४ मध्ये. पुढची पंचवीसेक वर्षं तिसरं राज्य आलंच नाही. मुख्य कारण पैसा. तपासणीस, नकाशे, कोर्टकचेऱ्या, सगळा खर्च राज्याने करायचा. त्यासाठी केंद्राकडून वेगळा निधी नाही. २००९ च्या मंदीत मिशिगनच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी वर्षाला सुमारे २० लाख डॉलर वाचवण्यासाठी हा कारभार केंद्राला परत देऊ असं सुचवलं. विधिमंडळाने तो राज्याकडेच ठेवला. न्यू जर्सीचा पाया अधिक भक्कम होता, कारण तिथे १९८७ पासून राज्याचा स्वतःचा कडक कायदा होता. एडिसनसारख्या गावांत आज हजारो मराठी कुटुंबं राहतात. तिथे घरामागच्या ओल्या जमिनीवर बांधकाम करायचं तर सहसा राज्याच्या पर्यावरण विभागाचंच दार ठोठवावं लागतं.

सही केंद्राची की राज्याची, या वादाचं खरं मूळ दिसलं ते फ्लोरिडात. डिसेंबर २०२० मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या शेवटच्या आठवड्यांत, ईपीएने फ्लोरिडाला परवान्यांचे अधिकार दिले. राज्याचं म्हणणं होतं, आमची माणसं जागेवर आहेत, काम लवकर होईल. पण सही बदलली की फाइलीचा प्रवासही बदलतो. परवाना केंद्राचा असेल तर संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आपोआप लागू होतो: तिथे अशा प्रजाती असतील तर दलाला केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेशी सल्लामसलत करावीच लागते. राज्याच्या परवान्याला हे बंधन नाही. ही पोकळी भरायला वन्यजीव सेवेने सगळ्या भावी परवान्यांसाठी मिळून एकच अभिप्राय आधीच देऊन टाकला. नैऋत्य फ्लोरिडात बेलमार आणि किंग्स्टन हे प्रचंड गृहप्रकल्प फ्लोरिडा पँथरच्या, म्हणजे तिथल्या प्यूमाच्या (मोठ्या रानमांजराच्या) अधिवासात येऊ घातले होते. प्यूमाचा हा प्रकार जगात फक्त फ्लोरिडात उरला आहे, तोही जेमतेम एक-दोनशे. अमुक रस्त्यावरच्या रहदारीने किती पँथर मरतील, हे अशा सरसकट अभिप्रायातून कसं कळणार? माझ्या मते पुढे झालेल्या खटल्याचा कणा हाच प्रश्न होता. पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीश रँडॉल्फ मॉस यांनी तो अभिप्राय बेकायदा ठरवून फ्लोरिडाला दिलेले अधिकारच रद्द केले.

दरम्यान केंद्राच्या हातातलं क्षेत्रच आक्रसलं होतं. आयडाहोतल्या प्रीस्ट लेकजवळच्या एका भूखंडावर सॅकेट दांपत्याने घरासाठी भराव टाकला होता. त्या वादात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायम वाहत्या किंवा साचलेल्या पाण्याशी पृष्ठभागावर सलग जोडलेली पाणथळ जागाच केंद्राच्या कायद्यात येते. मधे बांध किंवा कोरडी पट्टी असलेल्या, भूजलातूनच नदीशी नातं ठेवणाऱ्या असंख्य जागा एका निकालाने उघड्या पडल्या. तिथे केंद्राची सही लागतच नाही. राज्याचा कायदा असेल तरच काही अडसर.

मिशिगन आणि न्यू जर्सीला म्हणूनच तुलनेने कमी धक्का बसला. नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून राज्याचं संरक्षणही केंद्राच्या नव्या मर्यादेपर्यंत खाली आणलं. कोलोराडोने २०२४ मध्ये उलटी दिशा धरली आणि केंद्राच्या छत्राबाहेर पडलेल्या पाण्यासाठी स्वतःची परवाना पद्धत कायद्याने उभी केली.