मानेची मोकळीक (काडतूस)

सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी पेटणारी टोपी असलेल्या) रायफलीच्या काडतुसात पुंगळीच्या, म्हणजे पितळी नळकांड्याच्या, ज्या अरुंद टोकात गोळी पकडलेली असते, त्याला मान म्हणतात. गोळी बसवल्यानंतर मानेचा जो बाह्य व्यास भरतो तो आणि चेंबरमधील (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीतील) त्याच भागाचा आतील व्यास, या दोहोंतील फरक म्हणजे मानेची मोकळीक. कारखान्यातून येणाऱ्या रायफलीत कोणत्याही उत्पादकाचे काडतूस बसावे म्हणून ती सैल ठेवतात. स्वतः काडतुसे भरणारे अचूकतेचे नेमबाज मात्र ती ठरवून घेतात. मोकळीक संपूर्ण व्यासावर मोजली जाते. 0.002 इंच (सु. 0.05 मिमी.) मोकळीक असेल आणि काडतूस मधोमध बसले असेल, तर प्रत्येक बाजूला 0.001 इंचच जागा उरते. आकडा एका बाजूचा की एकूण, हे सांगितल्याशिवाय तो निरर्थक असतो.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जर्मन वंशाच्या नेमबाजांच्या शुट्झेन स्पर्धांत हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. हॅरी पोप (1861–1950) यांच्या प्रसिद्ध नळ्यांत शिशाची गोळी तोंडाकडून आत ढकलून आट्यांत (नळीच्या आतील पिळदार खाचांत) बसवत आणि दारू भरलेली पुंगळी मागून घालत. गोळी पकडण्याचे काम मानेकडे नव्हते. मान छिलून मोकळीक नेमकी राखण्याची प्रथा त्यानंतरची असून तिचे श्रेय एका व्यक्तीला देणे कठीण आहे. ती दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावलेल्या बेंचरेस्ट स्पर्धांतून, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून लहानात लहान वर्तुळात गोळ्या मारण्याच्या खेळातून आली, असे मानता येते. दुसरा उलगडा असा की, मोठ्या पुंगळीची मान आवळून ती लहान गोळीसाठी वापरण्याचा प्रघात त्याआधीचा आहे. मान आवळली की पितळ जाड होते आणि जाड मान चेंबरात अडकते, म्हणून ती पातळ करणे भागच पडे. हा दुसरा उलगडा अधिक ग्राह्य वाटतो. गरजेपोटी आलेल्या कृतीला बेंचरेस्ट नेमबाजांनी अचूकतेचे साधन केले असावे.

रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर यांचे .222 रेमिंग्टन (1950) हे काडतूस या खेळात दीर्घकाळ आघाडीवर होते. सु. 1975 मध्ये शल्यविशारद लुई पाल्मिसानो आणि हत्यार-कारागीर फेरिस पिंडेल यांनी 6 मिमी. पीपीसी हे काडतूस तयार केले. त्याची पुंगळी सोव्हिएत 7.62×39 मिमी. काडतुसापासून निघालेल्या .220 रशियनची आहे. या काडतुसाच्या बेंचरेस्ट चेंबरचा मानेचा व्यास बहुधा 0.262 इंच ठेवतात. गोळी 0.243 इंचाची आणि मानेची भिंत 0.0085 इंचाची धरल्यास भरलेली मान 0.260 इंच होते व 0.002 इंच मोकळीक उरते. मान न छिलता हे काडतूस अशा चेंबरात शिरतच नाही.

कार्य : दारू पेटताच मान फुगून गोळीला सोडते, चेंबरच्या भिंतीला टेकून वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरल्यावर स्थितिस्थापकतेमुळे आक्रसते. पुंगळीच्या पितळात सु. 70% तांबे व 30% जस्त असते. दर खेपेस फुगणे आणि डायमध्ये (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) पुन्हा आवळणे यांमुळे ते कठीण होत जाते. मोकळीक जितकी जास्त, तितकी ही ओढाताण मोठी आणि मानेला चीर लवकर. ठराविक काळाने मान तापवून मऊ (अनुशीतन) केल्यास आयुष्य वाढते. मोकळीक अगदी कमी असेल तर झाडलेली मान इतकी थोडी पसरते की डाय न वापरताही नवी गोळी तीत धरली जाते.

खालची मर्यादा मात्र सुरक्षिततेची आहे. मानेला फुगायला जागाच नसेल तर गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. चेंबरात साचणारी काजळी आणि मान व खांदा (मानेखालचा रुंदावत जाणारा उतार) यांच्या सांध्यात आतून जमणारे पितळाचे कडे यांमुळे कागदावरची मोकळीक प्रत्यक्षात घटते. म्हणून मोजमाप काडतूस भरल्यानंतर आणि अनेक पुंगळ्यांवर घ्यावे लागते.

मोकळीक किती असावी याबद्दल एकमत नाही. काहींच्या मते ती किमान ठेवल्याने गोळी नळीच्या अक्षात राहते. इतरांच्या मते मानेची भिंत सर्व बाजूंनी समान जाडीची असणे महत्त्वाचे असून थोड्या सैल चेंबरने विशेष बिघडत नाही. एका बाजूस जाड असलेली मान घट्ट चेंबरातही गोळी तिरपीच धरते, हे लक्षात घेता दुसऱ्या मताकडे कल झुकतो.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या 50 मी. रायफल प्रकारात .22 रिमफायर (बुडाच्या कडेत पेटणारे मिश्रण असलेले) काडतूस वापरतात. त्याची पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसते व तिला निराळी मानही नसते.