इन मेमोरियम (टेनिसनची कविता)

इन मेमोरियम ए. एच. एच. ही इंग्रज कवी आल्फ्रेड टेनिसनची दीर्घ विलापिका (गेलेल्या माणसासाठीचं शोककाव्य), म्हणजे खरं तर 131 छोट्यामोठ्या कविता, आधी एक प्रस्तावना आणि शेवटी एक उपसंहार. 1850 ला लंडनमध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यावर कवीचं नाव नव्हतं. ए. एच. एच. म्हणजे आर्थर हेन्री हॅलम, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला टेनिसनचा जिवलग मित्र, कवीच्या बहिणीशी, एमिलीशी त्याचं लग्नही ठरलेलं. सप्टेंबर 1833 मध्ये वडिलांबरोबर प्रवासात असताना व्हिएन्नात तो अचानक गेला, वय फक्त 22.

पहिले तुकडे बातमी कळल्यावर लगेचच लिहिले गेले आणि मग हे लिखाण जवळपास 17 वर्षं चालू राहिलं, सुरुवातीला यातून एक अख्खं पुस्तक करायचं असं काही टेनिसनच्या मनात नव्हतं. म्हणूनच यातलं दुःख सरळ रेषेत कमी होत जात नाही, मध्येच बरं वाटतं आणि पुढच्याच पानावर परत सगळं कोसळतं, आणि मला वाटतं या कवितेचा खरेपणा यातच आहे. हॅलमचा देह जहाजाने इंग्लंडला आणला गेला, तर कवी त्या जहाजालाच विनवतो की बाबा, सांभाळून आण त्याला. सातव्या भागात झोप लागत नाही म्हणून तो पहाटे मित्राच्या लंडनमधल्या घरापुढे जाऊन उभा राहतो, दार तेच, पण आता हात मिळवायला कोणी बाहेर येणार नाही, वर रिमझिम पाऊस. फक्त 12 ओळी आहेत, पण वाचून गलबलून येतं. मध्ये तीन ख्रिसमस येतात, काळ पुढे सरकतोय हे त्यांच्यावरूनच कळतं.

कडवं चार ओळींचं, पहिल्या ओळीचं यमक चौथीशी आणि दुसरीचं तिसरीशी, त्यामुळे कडवं पुढे जाऊन परत मागे वळतंय असं वाटत राहतं.

दुसरी बाजू विज्ञानाची. टेनिसनने चार्ल्स लायेलचं भूगर्भशास्त्र वाचलेलं, खडकातले जीवाश्म बघून त्याला प्रश्न पडतो की निसर्गाला अख्ख्या प्रजातीची पर्वा नाही तर एका माणसाची कुठून असणार, आणि हे डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या 1859 च्या ग्रंथाच्या आधी बरं का.

पुस्तक आलं त्याच वर्षी, 1850 मध्ये, टेनिसनचं लग्न झालं आणि तो राजकवीही झाला. 1861 मध्ये नवरा प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाला या कवितेने खूप आधार दिला. प्रेम करून गमावणं हे प्रेमच न करण्यापेक्षा बरं, ही 27 व्या भागातली ओळ आज लोक ब्रेकअपला वापरतात, मूळ ओळ मात्र गेलेल्या मित्रासाठी आहे.

उपसंहारातलं कवीच्या दुसऱ्या एका बहिणीचं लग्न मला जरा ओढूनताणून आणलेलं वाटतं, खरा कळस 95 व्या भागात आहे, उन्हाळ्याच्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर कवी एकटाच मित्राची जुनी पत्रं वाचत बसतो तिथे. पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी सगळं सलग वाचत बसू नये, 7, 54, 56 आणि 95 हे भाग आधी वाचावेत.