रिटायर होऊन सांगलीत यायचंय? घर घ्यायच्या आधी हे वाचा

नोकरी पुण्या-मुंबईत झाली, आता गावाकडं जाऊन निवांत राहू म्हणून बरेच काका-काकू आमच्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न असतो, फ्लॅट केवढ्याला पडेल. आमचं म्हणणं, लगेच घेऊच नका, आधी एक पावसाळा भाड्यानं राहून बघा. करार ११ महिन्यांचाच असतो, मे महिन्यात आलात की जुलै-ऑगस्ट त्यातच येतात आणि कृष्णा कुठवर येते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

पाण्याचा विषय टाळून सांगलीत घर बघताच येत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २००५ आणि २०२१ चा पूरही लोक अजून विसरले नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथं पाणी आधी शिरतं. घर आवडलं की पूररेषेचा नकाशा बघा, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून. शेजारच्या किराणावाल्याला पण विचारा, तो खरं सांगतो. वरचा मजला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लाईट जाते, लिफ्ट बंद पडते, औषध आणायला खाली उतरता येत नाही, सत्तरीत हे झेपत नाही हो.

म्हणून आम्ही जास्त करून विश्रामबाग सुचवतो, सांगली आणि मिरजेच्या मधोमध. मिरजेत वानलेस हॉस्पिटल १८९४ ला सुरू झालं, आज मिरजेत एवढे दवाखाने झालेत की कर्नाटकातून पण पेशंट येतात, आणि मिरज जंक्शनवरून पुणे, मुंबई, बेंगळुरू कुठली पण गाडी मिळते, मुलांना यायला सोपं पडतं. ज्यांचं लहानपण गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत गेलं त्यांना तिथलंच घर हवं असतं, गणपती मंदिर चालत, ओळखीची माणसं, ते आम्हाला पण पटतं. फक्त पुराच्या दिवसांत जायला दुसरी जागा आधीच बघून ठेवा.

गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरी न घेता जमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला प्लॉट स्वस्त मिळतो, पण नियमित केल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

भाडेकरार नोंदणी केलेलाच करा, ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे. येताना दोघांचं आधार, पॅन आणि फोटो आणा, आणि गुडघ्याचा त्रास असेल तर आधी सांगा, म्हणजे तळमजला किंवा लिफ्टवालीच घरं दाखवू.