सव्वा ठिपक्याची शिरोरेषा

दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की आमच्या इमारतीतल्या काकांचा फोन ठरलेला. काका जन्मभर मुद्रितशोधक. निवृत्त झाले तरी दोन-तीन अंकांची प्रुफं अजून त्यांच्याकडेच येतात, फक्त आता कागदावर नाही, पीडीएफमध्ये. यंदा आवाज चढलेला होता. "अरे, चांगला सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि जुन्यावर दिसायचा तेवढाही अनुस्वार धड दिसत नाही. फसवलं की काय मला?"

फसवलं नव्हतं. मॉनिटर बसवायला आलेल्या मुलाकडे काकांनी तक्रार केली, की अक्षरं मुंगीएवढी दिसतायत. त्याने सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ३८४० × २१६० होतं ते १९२० × १०८० केलं. अक्षरं मोठी झाली, काका खूश, मुलगा पुढच्या घरी. हा उपाय मी इतक्या घरांत पाहिलाय की त्यावर लिहायचं कधीचं मनात होतं.

३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, पडद्यावरचे सुटे ठिपके. १९२० गुणिले १०८० म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आत. रिझोल्यूशन खाली आणलं की चार पिक्सेलनी मिळून एकाचं सोंग घ्यायचं. तेही धड होत नाही, कारण बरेच मॉनिटर चित्र ताणताना शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळतात. म्हणजे पैसे ८३ लाखांचे, वापर २१ लाखांचा, आणि वर फुकटचा धूसरपणा.

करायचं असतं ते वेगळंच. रिझोल्यूशन आहे तिथेच ठेवायचं आणि 'स्केल' वाढवायचं. रिझोल्यूशन घटवणं म्हणजे जाड कुंचल्याने अक्षर काढणं. स्केल वाढवणं म्हणजे त्याच बारीक कुंचल्याने मोठं अक्षर काढणं. बारा पॉइंटाचं अक्षर विंडोज १०० टक्क्यांवर १६ पिक्सेलच्या चौकटीत बसवतं, १५० टक्क्यांवर २४ च्या आणि २०० वर ३२ च्या. मी काकांकडे १५० केलं, रिझोल्यूशन पूर्ववत केलं आणि निघालो. त्यांनी दारातच अडवलं. "हे असं का होतं ते सांगून जा." चहा आला, मग मीही बसलो.

आधी डोळा. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर जो तक्ता असतो, तो डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये बनवलेल्या तक्त्याचा वंशज आहे. त्यातलं ६/६ च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करतं आणि त्या अक्षराची एकेक रेघ एका मिनिटाचा. मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग. साधारण निरोगी डोळ्याला याहून कमी कोनातले दोन ठिपके सुटे दिसत नाहीत. मॉनिटरपासून आपण ६० सेंटिमीटरवर बसतो असं धरलं, तर एक मिनिट म्हणजे पडद्यावर ०.१७५ मिलिमीटर. काकांच्या जुन्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा, नव्याचा ०.१५६ चा. म्हणजे एक मर्यादेच्या वर आणि दुसरा जेमतेम खाली.

इथे थांबलं की जाहिरातीतलं वाक्य तयार होतं: 'डोळ्याला पिक्सेल दिसतच नाहीत.' २०१० साली आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी असंच सांगितलं होतं, की फोन दहा-बारा इंचांवर धरला तर इंचाला ३०० पिक्सेल ही डोळ्याची हद्द. हिशेब चूक नाही, पण तो दोन ठिपके सुटे दिसण्याचा आहे. डोळ्याला आणखी एक काम येतं आणि त्यात तो कितीतरी तरबेज आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर आठवा. वरच्या पट्टीची रेघ खालच्या पट्टीच्या रेघेशी जुळली का, हे आपल्याला झटकन कळतं. दोन रेघांमधला हा सरक दहा सेकंदांच्या कोनाइतका असला तरी पकडला जातो, म्हणजे मिनिटाचा सहावा भाग. ६० सेंटिमीटरवर तो होतो ०.०२९ मिलिमीटर, काकांच्या नव्या पिक्सेलचा जवळपास पाचवा हिस्सा! तेव्हा पिक्सेल दिसत नसला तरी तो पाव-अर्धा सरकलेला डोळ्याला कळतो. तिरप्या रेघेच्या पायऱ्या जाणवतात त्या यामुळेच.

हे जमतं कसं? डोळ्याच्या पडद्यावर रेघेची प्रतिमा रेखीव पडतच नाही, थोडी पसरते. तो पसरलेला प्रकाश शेजारशेजारच्या अनेक शंकुपेशींवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पेशींवर पडतो, कुणावर जास्त, कुणावर कमी. या कमी-जास्तीवरून त्या उजेडाचा मध्य कुठे आहे याचा अंदाज मेंदू बांधतो, आणि तो एका पेशीच्या रुंदीपेक्षाही बारीक असतो.

आता शिरोरेषा. इथून पुढे काकांचा चहा निवत गेला.

समजा एखाद्या फॉन्टमध्ये १६ पिक्सेलच्या अक्षराची शिरोरेषा सव्वा पिक्सेल जाड येते. पडद्यावर सव्वा पिक्सेल नावाची वस्तू नाही, ओळी पूर्णांकातच असतात. मग मार्ग दोन. एक, रेषा ओढूनताणून एका ओळीवर बसवायची. फॉन्टमध्ये तशा सूचना घालून ठेवता येतात, त्याला 'हिंटिंग' म्हणतात. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवला, तो अशाच जाड पिक्सेलांच्या काळात. 'मूर्तींना' हा शब्द घ्या. पहिल्याच अक्षराखाली दीर्घ ऊकार, पुढच्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची गर्दी. सोळा ओळींच्या उंचीत हे सगळं कोंबायचं. इंग्रजीतल्या 'ओ'ला किंवा 'एम'ला हा जाच नाही. अनुस्वार आणि रफार एकमेकांत बुडतात यात काकांच्या डोळ्यांचा दोष नव्हता. त्या दोघांच्या मध्ये मोकळी ओळच उरत नव्हती.

दुसरा मार्ग करड्याचा. एक ओळ पूर्ण काळी आणि तिच्या लगतची पाव काळी, म्हणजे फिकट करडी. काळ्या ओळीला चिकटलेली ही करडी ओळ पसरून डोळ्यात पोचली की मेंदू मध्य काढतो, आणि त्याला दिसते ती सव्वा पिक्सेलची काळी रेषा. डोळा व्हर्निअरचं काम ज्या युक्तीने करतो, तीच युक्ती संगणकाने उलटी वापरली. अट एकच, करडी ओळ स्वतः वेगळी दिसता कामा नये. जुन्या मॉनिटरवर तिचा कोन १.६ मिनिटांचा होता, म्हणून ती वेगळी दिसायची, रेषेखाली धुरकट पट्टा होऊन. नव्यावर तो ०.९ मिनिटाचा आहे. माझ्या मते फोर-केचं खरं काम काळ्या पिक्सेलचं नाहीच, या करड्या पिक्सेलला डोळ्याआड करण्याचं आहे.

रोमन लिपीने यावर १९९८ मध्येच पळवाट काढली होती. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या फटी शेजारी-शेजारी असतात. त्या सुट्या वापरल्या तर आडव्या दिशेने रिझोल्यूशन तिप्पट होतं, हा मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरटाइप या अक्षरं दाखवण्याच्या तंत्राचा गाभा. इंग्रजी अक्षरांत उभ्या दांड्यांची रेलचेल, त्यांच्या कडा डाव्या-उजव्या, त्यामुळे त्यांना मोठा फायदा झाला. आपल्या काना-दांड्यालाही झाला. शिरोरेषेच्या कडा मात्र वर आणि खाली. आडव्या तिप्पटीचा तिला कवडीचा उपयोग नाही, आणि सुरुवातीच्या क्लिअरटाइपमध्ये उभ्या दिशेला करड्याची सोयच नव्हती, ती पुढे मायक्रोसॉफ्टच्याच डायरेक्टराइट या नव्या तंत्रात आली. गंमत म्हणजे मॉनिटर स्टँडवर उभा फिरवला की त्या फटी एकाखाली एक येतात, आणि मग तिप्पट फायदा नेमका शिरोरेषेला मिळायला हवा! लिनक्समध्ये त्यासाठी 'व्हीआरजीबी' असा पर्याय आहेही. मी एक संध्याकाळ त्यात घालवली, मान अवघडली.

आता थोडं अवघड. नको असेल त्याने पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. पिक्सेलला ० ते २५५ असा आकडा दिला की उजेड त्या प्रमाणात वाढत नाही. १२८ म्हणजे अर्धा उजेड असं वाटतं, प्रत्यक्षात मिळतो २२ टक्क्यांच्या आत-बाहेर. अर्ध्या उजेडासाठी १८८ लागतो. याला गॅमा म्हणतात. हा वाकडेपणा मुद्दाम ठेवला आहे, कारण अंधाऱ्या छटांमधले फरक डोळ्याला जास्त कळतात आणि आकड्यांची उधळपट्टी उजळ बाजूला करण्यात अर्थ नसतो. आता आपली करडी ओळ. पाव काळी, म्हणजे तिने पाऊण उजेड द्यायला हवा, त्यासाठी आकडा हवा २२५. पण सरधोपट प्रोग्राम २५५ चे पाऊण करून १९१ लिहितो, आणि १९१ ला उजेड मिळतो ५२ टक्के. पाव काळी ओळ जवळपास अर्धी काळी झाली, सव्वाची शिरोरेषा दीडची झाली. उलट काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील, तर पाव उजेडासाठी तोच प्रोग्राम ६४ लिहितो आणि मिळतो फक्त ५ टक्के. तिथे सव्वाची रेषा एकाची होते. 'डार्क मोड'मध्ये मराठी मजकूर काही ठिकाणी उपाशी दिसतो, त्याचं एक कारण हे.

यावर दुरुस्ती असते, पण ती तुमचा मॉनिटर ठरलेल्या गॅमाचा आहे असं गृहीत धरते. ते तपासायला यंत्र नको. पेंटमध्ये एक ओळ काळी, एक पांढरी, असा आडवा पट्टा काढा. शेजारी १८८ चा सपाट करडा चौकोन. चित्र शंभर टक्के आकारात, पिक्सेलला पिक्सेल असंच दिसायला हवं. आता दोन मीटर मागे जाऊन डोळे किलकिले करा. दोन्ही सारखे दिसले तर गॅमा ठीक. चौकोन उजळ किंवा काळपट दिसला तर मॉनिटरच्या मेनूत गॅमाचे दोन-तीन पर्याय असतात, ते फिरवून बघा. मग विंडोजमधलं क्लिअरटाइपचं ट्यूनर चालवा. ते चार-पाच वेळा नमुने दाखवून कुठला बरा असं विचारतं, आपण डोळ्यांवर भरवसा ठेवून उत्तर द्यायचं. काकांनी प्रत्येक नमुना प्रूफ तपासावं तसा तपासला, वीस मिनिटं लागली.

मॉनिटरच्या मेनूत असतानाच 'शार्पनेस'ही बघून घ्या. तो वाढवला की अक्षर स्पष्ट होतं हा गैरसमज. मॉनिटर कडेच्या बाहेर एक उजळ कडा रंगवतो, बस. करड्या ओळीवर इतकी मेहनत घ्यायची आणि शार्पनेसने तिला खरवडायचं, हे काही बरं नाही. ब्राइटनेस किती? पडद्याशेजारी पांढरा कागद धरा, दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत कमी करा. बहुतेकांचा निम्म्यावर येतो.

काकांचा माऊस अडखळत चालत होता, तो केबलमुळे. ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: हे सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट होतात. जुन्या एचडीएमआय १.४ मधून आठ अब्जांच्या आसपास जातात, म्हणून पडदा सेकंदाला ३० वरच थांबला होता. एचडीएमआय २.० चं पोर्ट आणि त्या जोगती केबल हवी. सोन्याचा मुलामा असलेल्या महागड्या केबलने चित्राला झळाळी येते हे मात्र सोडून द्या. आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत, पॉलिश होऊन पोचत नाहीत.

आणि निळा प्रकाश अडवणारा ब्लू-कट चष्मा. काकांना मॉनिटरसोबत तोही घ्यायला लावला होता. १७ चाचण्यांचा आढावा घेणारा, वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा अहवाल २०२३ मध्ये आला. साध्या भिंगांच्या तुलनेत या भिंगांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी नाही. पडद्यासमोर डोळे चुरचुरतात कारण आपण पापण्या मिटायला विसरतो. पापणी मिटायला पैसे पडत नाहीत, म्हणून बहुधा ते कुणी विकत नाही.

काकांनी स्वतःच पुढे १५० चं १७५ केलं. प्रुफं झकास दिसतात म्हणाले. एक गोष्ट मात्र सुटली नाही. इमारतीचे हिशेब ठेवायचा जो जुनापुराणा प्रोग्राम आहे, त्याला स्केल ही भानगड ठाऊकच नाही. तो १०० टक्क्यांचं चित्र काढतो आणि विंडोज ते फोटोसारखं ताणतं, त्यामुळे आकडे पाण्यात भिजल्यासारखे दिसतात. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथलं हाय डीपीआयचं सेटिंग, सगळं करून पाहिलं. आकडे रेखीव झाले, पण मुंगीएवढे.

परवा गेलो तर जुना मॉनिटर टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला, भिंतीला टेकवून लावलेला. त्यावर हिशेबाचा प्रोग्राम, अक्षर मोठं करून. "तिकडे ठेवला की तोही स्वच्छ दिसतो रे," काका म्हणाले. मी टेप मागितली. खुर्चीपासून जवळपास मीटरभर. ०.२७७ मिलिमीटरचा पिक्सेल ९५ सेंटिमीटरवरून बरोबर एका मिनिटाचा कोन करतो.