टॅब घेतलात, कीबोर्डही घेतलात. आता हे वाचा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खोक्यात कंपनीची जी चोपडी येते, तिच्यातून बटणे कुठे आहेत एवढे कळते. टॅब घरी नेल्यावर पहिल्या महिन्यात काय काय अडते ते तिच्यात नसते. ते आम्हाला काउंटरवर ऐकू येते. आमचे बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले शिक्षक, तालुका कोर्टातले वकील, विमा प्रतिनिधी, आंबा बागायतदार आणि एमपीएससीची तयारी करणारी मुले. त्यांचे अनुभव, त्यांनी काढलेल्या युक्त्या आणि आमची मते इथे एकत्र केली आहेत. कंपनीनुसार मेनूतली नावे थोडी बदलतील, तेवढे सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. कीबोर्ड लावला म्हणून टॅबचा लॅपटॉप होत नाही. पत्र लिहिणे, पीडीएफ वाचणे, मेल, मीटिंग, छोटा हिशेब यांना तो उत्तम. टॅली मात्र विंडोजवर चालते, टॅबवर नाही. फार तर ऑफिसातला संगणक चालू ठेवून क्रोम रिमोट डेस्कटॉपने लांबून बघता येते. जीएसटीचे म्हणाल, तर प्रोप्रायटर असाल तर ओटीपी घेऊन टॅबच्या ब्राउझरवरूनही विवरणपत्र भरता येते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीची डोंगल लागते, आणि त्यासाठी संगणक हवाच. या कामांसाठीच टॅब घेत असाल, तर खोके फोडण्याआधी आमच्याशी बोला. आमची विक्री गेली तरी चालेल.

तुमचा कीबोर्ड कोणत्या जातीचा?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. २०११ साली आसुस कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाचा १०.१ इंची अँड्रॉइड टॅब काढला. त्याच्या कीबोर्ड-डॉकच्या (म्हणजे टॅबला जोडायच्या कीबोर्डच्या; पुढे आम्ही त्याला नुसते ‘डॉक’ म्हणतो) पोटात स्वतंत्र बॅटरी होती आणि ती टॅबला चार्ज करत असे. शिवाय दोन यूएसबी पोर्ट आणि एसडी कार्डाची खाच. ज्यांनी तो वापरला किंवा मित्राकडे पाहिला, ते आजही विचारतात, “डॉक लावला की बॅटरी जास्त वेळ टिकते ना?” आज येणाऱ्या कीबोर्डांत बहुधा तशी बॅटरी नसते, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा “नाही” असेच.

आज मुख्यतः दोन जाती मिळतात. पहिली पिनांची. टॅबच्या कडेला किंवा पाठीवर सोनेरी ठिपके असतात, कीबोर्डच्या स्प्रिंगच्या पिना त्यावर टेकतात आणि लोहचुंबकाने दोन्ही चिकटून राहतात. सॅमसंग, लेनोव्हो, शाओमी यांच्या बऱ्याच टॅबना असे कीबोर्ड मिळतात. त्यांना वेगळे चार्जिंग नाही, जोडणीची कटकट नाही. वीज टॅबकडूनच घेतात, तीही अगदी थोडी.

दुसरी जात ब्लूटूथची. तिला स्वतःची छोटी बॅटरी आणि स्वतःचे चार्जिंग पोर्ट असते. रात्री टॅब चार्जिंगला लावला म्हणजे कीबोर्डही चार्ज झाला असे समजू नका. शिवाय बॅटरी वाचवायला हा कीबोर्ड थोडा वेळ हात न लागल्यास झोपी जातो. परत लिहायला लागलात की पहिली एक-दोन अक्षरे गिळतो. “कीबोर्ड खराब आहे” म्हणून आणलेल्यांपैकी अनेकांचा कीबोर्ड ठणठणीत असतो. आधी एखादे रिकामे बटण, म्हणजे शिफ्ट, दाबा, क्षणभर थांबा आणि मग लिहा.

आमचे मत विचाराल तर रोज लिहिणाऱ्याने पिनांचाच घ्यावा. दोन-चार हजार जास्त जातील, पण डोके शांत राहील. आठवड्यातून एखादे पत्र लिहिणाऱ्याला ब्लूटूथ पुष्कळ झाला, आणि तो फोनलाही जोडता येतो.

“कीबोर्ड लावला आणि मराठी गायब झाली”

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पडद्यावरच्या कीबोर्डवर ‘mi’ ऐवजी थेट ‘मी’ उमटवायची सवय झालेली असते. मग डॉक लावला की पडद्यावरचा कीबोर्ड आपोआप लपतो आणि बटणे दाबली की नुसती इंग्रजी अक्षरे येतात. टॅब बिघडलेला नाही. पडद्यावरच्या कीबोर्डची मराठी आणि बाहेरच्या कीबोर्डची मांडणी या अँड्रॉइडसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोपा मार्ग असा : सेटिंग्जमध्ये भाषा आणि इनपुट, तिथे भौतिक कीबोर्ड, आणि त्यात ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा’ असा पर्याय चालू करा. आता डॉक लावलेला असतानाही पडद्यावर मराठी कीबोर्ड राहतो. मराठी पडद्यावर टाइप करा. खोडणे, ओळ बदलणे, बाण, कॉपी-पेस्ट डॉकवरून करा. ऐकायला अर्धवट वाटते, पण आमचे बरेच शिक्षक असेच काम करतात आणि तक्रार करत नाहीत.

दुसरा मार्ग बोलण्याचा. जीबोर्डच्या (गुगलच्या पडद्यावरच्या कीबोर्डच्या) माइकवर मराठी निवडून बोलले की अक्षरे उमटतात. विरामचिन्हे आणि गावांची नावे नंतर डॉकवरून दुरुस्त करायची. एक वकीलसाहेब संध्याकाळी घरी झोपाळ्यावर बसून अर्जाचा कच्चा मसुदा असाच बोलून काढतात आणि सकाळी दुरुस्त करतात. पंखा चालू असेल तर माइक जवळ धरा, एवढेच.

ज्यांनी सरकारी टायपिंगची ३० किंवा ४० ची परीक्षा दिली आहे, त्यांना मात्र डॉकच्या बटणांवरच हात चालवायचा असतो. त्यांच्यासाठी प्ले स्टोअरवर मराठी मांडणी देणारी अ‍ॅप आहेत. पण जपून. कीबोर्डचे अ‍ॅप तुम्ही टाइप केलेले प्रत्येक अक्षर पाहू शकते, पासवर्डसुद्धा. कोणी बनवले ते न बघता उचलू नका. शंका असेल तर दुकानात आणा, आपण मिळून बघू. भाषा बदलण्यासाठी काही टॅबवर कंट्रोल आणि स्पेस, तर काहींवर भिंगाचे चित्र असलेले बटण आणि स्पेस एकत्र दाबतात. भिंग आणि तिरकी रेघ (/) एकत्र दाबली की बहुतेक टॅबवर सगळ्या शॉर्टकटची यादीच समोर येते. ती एकदा निवांत वाचा. ऑल्ट आणि टॅब दाबून अ‍ॅप बदलायला शिकलात तर पडद्यावर बोट नेण्याची निम्मी सवय सुटेल.

जुन्या फाइली उघडल्या की कचरा का दिसतो?

शाळेच्या किंवा ऑफिसच्या संगणकावरची मराठी फाइल पेन ड्राइव्हवर आणली, टॅबवर उघडली आणि समोर ‘Éä’, ‘®ú’ असली भलतीच चिन्हे. फाइल खराब झालेली नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख असल्या जुन्या फाँटमध्ये ती टाइप केलेली आहे. त्या पद्धतीत अक्षर हे खरे मराठी अक्षर म्हणून साठवलेले नसते. इंग्रजी चिन्हाच्या जागी मराठी चित्र बसवलेले असते. तो फाँट नसेल तर खालचे चिन्ह उघडे पडते.

फक्त वाचायची असेल, तर मूळ संगणकावरच तिची पीडीएफ करून आणा. बदल करायचे असतील तर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करावे लागते. रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ नजरेखालून घाला, तिथे घोटाळे राहतात. दस्त, करारनामा, निकालपत्र असेल तर एकेक ओळ ताडून बघा. पुढची नवी फाइल मात्र युनिकोडमध्येच सुरू करा.

पेन ड्राइव्ह अजिबात दिसत नसेल तर तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असण्याची शक्यता आहे. बऱ्याच टॅबना ते वाचता येत नाही. एक्सफॅट चालते. फॅट ३२ सुद्धा चालते, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वर्ड फुकट का चालत नाही?

हा प्रश्न नेमका मोठा टॅब घेणाऱ्यांना पडतो. मायक्रोसॉफ्टचा नियम असा की १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर वर्ड आणि एक्सेलमधले साधे संपादन फुकट; त्याहून मोठ्या पडद्यावर नुसते वाचता येते, बदल करायला वर्गणी लागते. म्हणजे धाकट्या भावाच्या लहान टॅबवर जे चालते ते तुमच्या ११ इंचीवर अडते. वर्गणी आधीच असेल तर तेच खाते टॅबवर घाला. नसेल तर गुगल डॉक्स आणि शीट्स वापरा. वर्डची फाइल त्यातही उघडते. क्लिष्ट तक्ते आणि समास मात्र सरकतात, म्हणून छापण्याआधी पीडीएफ करून बघा.

छपाईबद्दल थोडक्यात : वाय-फाय असलेला प्रिंटर बहुधा सरळ सापडतो. नुसत्या यूएसबी केबलवर चालणारे जुने लेझर प्रिंटर टॅबकडून थेट छापतील याची आशा धरू नका.

व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि सिमकार्ड

नव्या टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप टाकले, नंबर घातला, ओटीपी दिला. आणि फोनवरचे बंद पडले. असे होऊन घाबरून आलेले गिऱ्हाईक आम्ही नेहमी बघतो. टॅबवर नंबर घालायचा नसतो. ‘जोडलेले डिव्हाइस’ हा मार्ग धरा : टॅबवर क्यूआर कोड येतो, तो फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपने स्कॅन करायचा. एका फोनला अशी चार उपकरणे जोडता येतात. फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर ती आपोआप सुटतात.

यूपीआयसाठी नोंदणी करताना त्याच उपकरणातल्या सिममधून मेसेज जावा लागतो. त्यामुळे फक्त वाय-फायचा टॅब घेतला असेल तर पैसे पाठवणे फोनवरूनच करा. खरे तर तेच बरे. घरातली मुले दिवसभर हाताळतात त्या टॅबवर बँकेचे अ‍ॅप असू नये, असे आमचे मत.

चार्जिंग

टॅबची बॅटरी साधारण ७००० ते १०,००० एमएएच असते, म्हणजे फोनच्या दीडपट-दुप्पट. घरातल्या जुन्या १० वॉटच्या चार्जरवर अशी बॅटरी रिकामीपासून भरायला चार तास सहज जातात, आणि त्या वेळात मूल व्हिडिओ बघत असेल तर टक्के जेमतेम वर सरकतात. टॅब किती वॉट घेऊ शकतो ते त्याच्या चोपडीत असते. तेवढ्याचा चार्जर आणि त्याला साजेशी केबल वापरा. केबलच निकृष्ट असेल तर महागडा चार्जरही हळू चालतो. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा पॉवर बँक घेताना ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॉट देणारी) असे लिहिलेली घ्या.

आपल्या कोकणातला पाऊस

दमट, खारी हवा पिनांच्या जोडणीला मानवत नाही. जून ते सप्टेंबर या दिवसांत “मध्येच कीबोर्ड जातो, परत येतो” ही तक्रार वाढते. पिनांवर काळपट-हिरवट थर बसतो आणि संपर्क तुटतो. टॅब बंद करा. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला किंचित लावून ठिपके आणि पिना दोन्ही हलक्या हाताने पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. खोडरबर, पॉलिश पेपर, सुई नको. त्या ठिपक्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो एकदा घासून गेला की गंज फार लवकर चढतो. सेंट आणि सॅनिटायझरही नको.

चार्जिंग पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर केबल काढा आणि पोर्ट खाली तोंड करून पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्याने पोर्टमध्ये पीठ आणि कण जातात. ते आम्ही चिमट्याने काढतो. टॅब कीबोर्डवर मिटून ठेवताना मध्ये काही अडकलेले नाही ना, हे बघायची सवय लावा. वाळूचा एक कण पडद्यावर कायमची रेघ ओढतो.

मांडीवर घेऊन लिहायचे तर

लॅपटॉपचे वजन खालच्या भागात असते; टॅबचे सगळे वजन वर, पडद्यात. त्यामुळे मांडी घालून बसलात की हलका कीबोर्ड मागे कलंडतो. पाठीला स्टँड असलेल्या कव्हरची कड मांडीला टोचते, हीही नेहमीची तक्रार. बिजागरीचा जड डॉक जास्त स्थिर राहतो, पण मग टॅब आणि डॉक मिळून किलोच्या पुढे जातात आणि “हलका म्हणून घेतला” हे कारणच उरत नाही. बसून लिहायला पाट किंवा छोटे टेबल घ्या. एसटीत लिहायचे असेल तर डॉक पिशवीत राहू द्या आणि पडद्यावरच बोटे चालवा.

टेबलावर मात्र हा संच छान शोभतो. पडद्याचे दोन भाग करून डावीकडे निकालपत्राची पीडीएफ आणि उजवीकडे टिपणे, असे काम फोनवर होत नाही. एमपीएससीची मुले एका बाजूला प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्या बाजूला वही उघडून बसतात. सरकारी संकेतस्थळ मोबाइलसारखे आक्रसून दिसत असेल तर क्रोमच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’ वर टिचकी मारा.

विकताना, देताना, दुरुस्तीला आणताना

टॅब दुसऱ्याला द्यायचा झाला तर आधी सेटिंग्जमधून तुमचे गुगल खाते काढा, मगच सगळे पुसा. तसे न करता बटणे दाबून पुसलात तर टॅब परत तुमचेच खाते मागतो आणि नव्या मालकाच्या हाती निरुपयोगी होतो. असा कुलूपबंद टॅब आम्ही उघडून देत नाही, कितीही ओळखीचे असलात तरी. चोरीचा माल असाच येतो.

दुरुस्तीला येताना टॅब, कीबोर्ड, तुम्ही रोज वापरता तो चार्जर आणि तीच केबल, असे सगळे एकत्र आणा. नुसता टॅब आणलात तर दोष केबलमध्ये आहे की पोर्टमध्ये हे कळत नाही. बिल सोबत असू द्या. टॅब आणि कीबोर्ड यांची हमी पुष्कळदा वेगवेगळ्या मुदतीची असते, ती बिलावर आम्ही निळ्या शाईने लिहून देतो. येण्याआधी फोटो आणि फाइली गुगल ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, आणि पडद्याचा पासवर्ड कागदावर लिहून आणू नका. काउंटरवर तुम्हीच घाला, आम्ही तिकडे तोंड फिरवतो.