डिलिव्हरी सफर (मोटरबोट)

डिलिव्हरी सफर : विकत घेतलेली बोट विक्रेत्याच्या बंदरातून मालकाच्या बंदरात पाण्यातून चालवत नेण्याची सफर. बोलीत हिला नुसते ‘बोट आणणे’ म्हणतात. सहलीपेक्षा ती वेगळी असते, कारण सहलीला निघणाऱ्याला आपली बोट ठाऊक असते. येथे बोट अनोळखी, बंदरे अनोळखी आणि अंतर मात्र त्या बोटीने आजवर एका दमात कापले नसेल इतके. त्यामुळे बेत आखताना नकाशापेक्षा इंजिनाकडे आणि टाकीकडे आधी पाहावे लागते.

पुणे आणि समुद्र

पुण्याला समुद्र नाही. किनारा सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे आणि मध्ये सह्याद्री आहे. पाण्याशी शहराचे नाते मात्र जुने आहे. मुळा-मुठेवर अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा (बोटींचा जलमहोत्सव) होते, खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची बोट हाकायला शिकतात, आणि त्याच खडकवासल्यात १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या आवारात बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींवर लाटा सोडून लाटरोधक बंधाऱ्यांची चाचणी घेतली जाते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरातल्या त्या चौकाला आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात.

पुण्यातला हौशी मालक बोट ठेवतो मांडवा, मुरूड किंवा हर्णैच्या बाजूला आणि बऱ्याचदा ती विकत घेतो गोव्यात किंवा कोचीत. ती ट्रेलरवरून का आणत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. लहान बोट आणतातही. पण रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंतच चालते. त्याहून रुंद बोटीला खास परवानगी, मोठा ट्रेलर आणि घाटाच्या वळणांवर जीव मुठीत धरणारा चालक लागतो. चोवीस-पंचवीस फुटांच्या पुढे पाण्याचा रस्ताच सोपा ठरतो. खडकवासला-पानशेतवर बोट चालवल्याचा अनुभव येथे फारसा कामी येत नाही. धरणाच्या पाण्यात लाट लांबून येत नाही, भरती नसते, आणि इंजिन बंद पडले तर वाऱ्याने बोट कुठल्या तरी काठाला लागतेच. समुद्रात तो काठ खडकाचा असतो.

अनोळखी बोट

खरेदीआधीच्या तपासणीत बोट पाण्याबाहेर काढून तळ, सुकाणू, पंखा (प्रोपेलर), गंज रोखणारे झिंकचे तुकडे आणि तळातून आरपार जाणाऱ्या झडपा पाहतात. हे सगळे नीट निघूनही पहिल्या लांब सफरीत बोटी बंद पडतात. बहुतेक वेळा कारण इंधनाच्या टाकीत असते. महिनोन्महिने धक्क्याला उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीत तळाशी गाळ आणि पाणी साचते. खाडीतल्या अर्ध्या तासाच्या ट्रायलमध्ये ते हलत नाही. उघड्या समुद्रात दोन तास बोट आपटली की सगळे ढवळून वर येते आणि फिल्टर तुंबतो. इंजिन नेमके लाटांत बंद पडते ते याच कारणाने. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे : निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून धुणे आणि सोबत तीन-चार फिल्टर ठेवणे.

पेट्रोल इंजिनाला आता आणखी एक भानगड आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. प्रमाणाबाहेर पाणी मिसळले की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसते आणि इंजिन पहिल्यांदा तेच पिते. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. पाणी वेगळे करणारा फिल्टर म्हणूनच ऐच्छिक मानू नये.

ट्रायल निदान तीन-चार तासांची, पूर्ण टाकी आणि पूर्ण सामान भरून, उघड्या पाण्यात घ्यावी. तापमानाचा काटा, तळात साचणारे पाणी, सुकाणूच्या नळीतून होणारी गळती आणि तासाला जळणारे इंधन या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. विक्रेत्याने सांगितलेला इंधनाचा आकडा लग्नाच्या स्थळाच्या वयासारखा असतो. थोडा वाढवूनच धरावा. ट्रायल रहदारीपासून दूर हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीदरम्यान ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हापासून हे वेगळे सांगावे लागत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आणि कमिन्स १९६२ पासून याच शहरातल्या. डिझेल इंजिनाचा बेल्ट, गॅस्केट किंवा पाण्याच्या पंपाचा इंपेलर मिळवणे येथे अवघड नाही. मोठ्या आउटबोर्डचे (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाचे) तसे नाही. कोकणातल्या कोळीवाड्यांत लहान आउटबोर्ड उघडणारे हात सापडतात; दीडशे अश्वशक्तीच्या संगणकी इंजिनापुढे तेही हात टेकतात आणि मिस्त्री मुंबईहून किंवा गोव्याहून येईपर्यंत बोट तिथेच राहते.

अंतर आणि इंधन

गोव्याचे मुरगाव ते मुंबई हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे (१ सागरी मैल = १,८५२ मीटर); कोचीहून मुंबई पावणेसहाशेच्या जवळ जाते. कोकण किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने एक सोय होते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की अंतर ढोबळमानाने हाती येते. रत्नागिरी १७ अंशांवर, हर्णै १७ अंश ४९ मिनिटांवर. म्हणजे पन्नास मैल. मालवण ते रत्नागिरी याच हिशेबाने ५७.

दीडशे अश्वशक्तीची, अठरा नॉटने (तासाला अठरा सागरी मैल) धावणारी बोट उदाहरणादाखल घेऊ. ती तासाला तीस लिटर पेट्रोल पीत असेल तर मालवण-रत्नागिरीला सव्वातीन तास आणि शंभरेक लिटर लागतील. कागदावर हे छान दिसते. समोरून लाट आली की वेग दहा नॉटवर येतो, बोट पाण्यावर उचललीच जात नाही, नाळ (पुढचे टोक) वर करून पाणी ढकलत राहते आणि प्रत्येक मैलाला लागणारे इंधन वाढते. वेळही जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून टाकीतल्या इंधनाचा एक तृतीयांश भाग हिशेबातच न धरण्याची पद्धत आहे.

इंधन भरायचे कुठे, हा प्रश्न त्याहून अवघड. मासेमारी बंदरांत मच्छीमार सोसायट्यांचे डिझेल मिळते, पेट्रोल नाही. सुटे पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये द्यायला पंपवाले तयार नसतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. यासाठी सफरीला किनाऱ्यावरून चालणारी एक गाडी जोडतात : धातूचे कॅन, हत्यारे, कोरडे कपडे आणि पुण्याहून आलेला एक शहाणा माणूस. ही गाडी दर मुक्कामाला आधी पोचते, धक्का पाहून ठेवते आणि बोट उशिरा आली तर कोणाला फोन करायचा हे तिला ठाऊक असते.

वारा, भरती, हंगाम

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटीही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद राहतात. हौशी बोटीने त्या काळात बाहेर पडण्याचा विचारही करू नये. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला म्हणजे समुद्र शांत झाला असेही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळे येतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणावर आले. मे-जूनच्या सांध्यावरही तीच भीती. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले आणि त्याने पुण्यातलीही झाडे पाडली. सफरीला डिसेंबर-जानेवारी बरा.

या महिन्यांत दिवसाचे वेळापत्रक वारा ठरवतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि पाणी सपाट असते. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून धरतो आणि फेब्रुवारीनंतर तो चांगलाच झोंबतो. गोव्याहून उत्तरेला येणाऱ्या बोटीच्या तो नाकावर बसतो. तेव्हा उजाडताच निघायचे आणि एकच्या आत नांगर टाकायचा, असा शिरस्ता आहे. पोहे-चहा करून दहाला निघणाऱ्यांचा दिवस वाया जातो.

भरतीसाठी कोकणातला तोंडी हिशेब अजून चालतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. मुंबईच्या आसपास हे बरे जुळते; गोव्याकडे जावे तशी भरती लवकर होते. नेमक्या वेळेसाठी देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके आहेत. पाणी किती चढते-उतरते हे मात्र पहिल्यांदा येणाऱ्याला चकवते. गोव्यात उधाणाला दोनेक मीटरचा फरक, तर मुंबईत पाच मीटरपर्यंत. भरतीला घट्ट बांधलेले दोर ओहोटीला बोट धक्क्यावर टांगून ठेवतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी कमी हलते, नवख्याला ते दिवस सोयीचे.

खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी हे कोकणातले खरे संकट. बाहेर पडणारी ओहोटी आणि आत येणारी लाट समोरासमोर आल्या की तोंडावर पाणी उभे राहते. चढत्या भरतीला, दिवसाउजेडी आणि शक्य तर स्थानिक होडीच्या मागोमाग आत शिरावे. बाणकोटच्या तोंडाशी हे जपायला हवे. जयगड आणि दिघी खोल आहेत, विजयदुर्गाचे बंदर आडोशाचे आहे. मालवणभोवती खडक इतके पसरले आहेत की तिथे फोनवरच्या नकाशापेक्षा तांडेलाने (मच्छीमार बोटीच्या कप्तानाने) दाखवलेले बोट भरवशाचे. असा तांडेल एक-दोन दिवसांच्या मजुरीवर सोबत घेणे हा सफरीतला सर्वांत किफायतशीर खर्च आहे. फक्त वेंगुर्ल्याच्या तांडेलाला हर्णैचे बंदर विचारू नये, दर टप्प्याला माणूस बदलावा.

रात्री न चालण्याचे कारण जाळी. खांबांना बांधलेल्या डोली (पिशवीसारखी जाळी), मैलभर पसरलेली तरंगती जाळी, दिवा नसलेल्या होड्या. पंख्यात जाळे अडकले की बोट थांबते, आणि जाळे कापले तर एखाद्या घराचा हंगाम कापला जातो. धारदार सुरी बोटीवर हवीच. ती काढायची वेळ आली तर नुकसानीबद्दल तिथेच बोलून मोकळे व्हावे.

हवेच्या अंदाजासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज पाहतात. वेधशाळेच्या अंदाजावर विनोद करणे पुण्यात शिष्टसंमत आहे, पण बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) चढला की विनोद संपतो.

कागदपत्रे आणि पाळत

२६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ या पळवलेल्या ट्रॉलरने समुद्रमार्गे आले. तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की विचारणा होते, आणि पहिली विचारणा बहुधा मच्छीमारच करतात. विक्रीचा करार, नोंदणी, विमा आणि बोटीवरच्या प्रत्येकाचे ओळखपत्र जलाभेद्य पिशवीत हाताशी ठेवावे. विमा कंपनीला या सफरीची लेखी कल्पना द्यावी, कारण पॉलिसीत ठरलेल्या पाण्याबाहेर बोट गेली तर भरपाईवरून वाद होतो. प्रत्येक टप्प्यावर सागरी पोलिसांना कळवले तर पुढचे तास वाचतात. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. व्हीएचएफ रेडिओवर संकटाची वाहिनी १६. परदेशी मार्गदर्शिका सरसकट सुचवतात तो उपग्रह फोन येथे परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्याजवळ मिळते, पण उंच कड्यांच्या पायथ्याशी गायब होते.

सुटीचा हिशेब

मुरगाव-मालवण, मालवण-रत्नागिरी, रत्नागिरी-हर्णै, हर्णै-मांडवा असे चार टप्पे पाडले की गुरुवारी निघून रविवारी संध्याकाळी मांडव्याला पोचता येते, आणि सोमवारी हिंजवडीत हजर होता येते. पुण्यात आखलेले बेत सहसा असेच दिसतात. त्यात वाऱ्याचा दिवस नाही, तुंबलेल्या फिल्टरचा दिवस नाही आणि मिस्त्रीची वाट पाहण्याचे दोन दिवस नाहीत. जाणते लोक या चार टप्प्यांना आठ दिवस धरतात, किंवा बोट रत्नागिरीला भरवशाच्या माणसाकडे नांगरून एसटीने घरी येतात आणि उरलेली सफर पुढच्या सुटीत करतात. सफर मध्येच सोडता येईल अशा जागा आधी हेरून ठेवणे हा बेताचाच भाग मानला जातो.

बोट पोचली की इंजिन गोड्या पाण्याने धुतात, तेल आणि फिल्टर बदलतात आणि वहीतले आकडे ट्रायलच्या आकड्यांशी ताडून पाहतात. त्यानंतर मेअखेरीपूर्वी बोट किनाऱ्यावर ओढून शाकारण्यासाठी जागा शोधावी लागते. गावातल्या होड्यांच्या रांगेत ती मिळवायची तर बोलणी माघ-फाल्गुनातच करावी लागतात.